तिसरीच्या वर्गाचं मीठ

पनवेलला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या आष्टीतल्या शेजारणींनी पहिला प्रश्न विचारला, समुद्र पाहिला का? नाही पाहिला. मग मुंबई तरी? तीही नाही. मग आठवडाभर केलंस तरी काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं की एका शाळेच्या आवारात दोन चटयांएवढ्या चिखलात पाणी साठवलेलं होतं, ते बघत बसले होते. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. निवृत्त झाल्यावर माणसाचं असं होतं, असा त्या बघण्याचा अर्थ होता. तेव्हा त्यांच्यासाठी आणि तिकडे न गेलेल्या इतरांसाठी हे जरा सविस्तर लिहिते.

बोलावणं आलं होतं रिबेकाचं. नगरला डी.एड. करताना आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती पनवेलची, बेने इस्रायल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेल्या, घरात मराठीच बोलणाऱ्या ज्यू लोकांपैकी. मी तोवर ज्यू हा शब्द फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचलेला. पण पहिल्याच दिवशी तिनं माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी फस्त केली, आणि इतिहास तिथेच राहिला. मी मागच्या वर्षी निवृत्त झाले, ती यंदा होणार. जिल्हा परिषदेच्या शाळेतली तिसरी हा तिचा शेवटचा वर्ग. “सुमे, माझी पोरं मीठ पिकवतायत, बघायला ये,” असा तिचा फोन आला. मीठ दुकानात पुडीत मिळतं एवढीच माहिती असलेली मी बॅग भरून निघाले. प्रवासाचं काही सांगत नाही. एसटीत बसले, पनवेलच्या स्टँडवर उतरले, मधल्या वेळात पाठ दुखली.

रविवार, पनवेल

रिबेकाचं घर बाजाराजवळच्या एका इमारतीत आहे. भावंडं सगळी इस्रायलला गेली, ही मागे राहिली. भावंडं दर वर्षी बोलावतात आणि ही दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलते. आता निवृत्तीनंतर काय करणार, असं विचारलं तर म्हणाली, आधी मीठ तर होऊ दे.

रात्री तिनं नारळाच्या दुधातलं कोंबडीचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. आमच्याकडे कालवण म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. हे गोडुसं लागलं, पण तिसऱ्या घासानंतर माझी तक्रार संपली. भाकरी मात्र फारच मऊ. ज्वारीची भाकरी खाल्ली की खाल्ल्यासारखं वाटतं, ही तोंडात गेली कधी आणि संपली कधी तेच कळत नाही. जेवण झाल्यावर मी सवयीनं चहा मागितला, तर रिबेकानं कोरा चहा पुढे ठेवला. मांस खाल्ल्यावर त्यांच्यात दूध घेत नाहीत. चाळीस वर्षांच्या मैत्रीत मी हे साफ विसरले होते, कारण हॉस्टेलात आम्हाला ना मांस मिळायचं ना धड दूध.

सोमवार, शाळेत

शाळा विचुंब्याच्या पुढच्या एका गावात आहे. रिक्षातून जाताना डावीकडे नव्या इमारती, उजवीकडे नव्या इमारती, आणि मध्येच एखादं कौलारू घर, दारात वाळत घातलेली मासळी आणि शेजारी भली मोठी गाडी. शाळेला दोन वर्गखोल्या, एक बदामाचं झाड. लांबवर कर्नाळ्याचा सुळका अंगठा दाखवत उभा. वर्गातली निम्मी मुलं गावातली, म्हणजे आगरी घरांतली. ज्यांच्या आज्यापणज्यांनी मिठागरात हयात घालवली आणि आता त्या जागेवर काय काय उभं राहिलंय, त्या घरांतली. उरलेली निम्मी त्या नव्या इमारती बांधायला आलेल्यांची.

बदामापलीकडे तो प्रसिद्ध वाफा होता. मुलांनी स्वतः चिखल आणून, पायांनी तुडवून तुडवून त्याचा तळ पाटासारखा गुळगुळीत केला होता. त्यात खाडीचं पाणी भरायचं, उन्हानं ते आटलं की खाली मीठ उरतं, एवढी साधी गोष्ट. वाफ्यात एक खुणा केलेली पट्टी उभी. सकाळी आल्यावर आणि शाळा सुटताना मुलं पाण्याची पातळी बघायची आणि तेवढ्या उंचीची कागदाची पट्टी कापून वर्गाच्या भिंतीवर चिकटवायची. सकाळची निळी, दुपारची पिवळी.

भिंत बघताच माझ्यासारखीच्याही लक्षात आलं की काहीतरी गडबड आहे. पिवळी पट्टी निळीपेक्षा ठेंगणी, हे बरोबर. पण दुसऱ्या दिवशीची निळी पुन्हा उंच. दिवसभर पाणी कमी व्हायचं आणि सकाळी येऊन बघावं तर होतं तेवढंच. पाणी भरून पंधरवडा झाला होता आणि मिठाचा एक कण नव्हता. शनिवारी पालक येणार होते, त्यांना मीठ दाखवायचं होतं.

पट्ट्यांच्या खाली ‘आमचे अंदाज’ असं लिहून मुलांनी कारणं मांडली होती. दव पडतं. रात्री कुत्रं येऊन घाण करतं. सगळ्यांत मोठ्या अक्षरातला अंदाज दर्शन म्हात्रेचा होता. हा दर्शन गावातला, आवाज खणखणीत, आणि त्याचे आजोबा जुने मिठागरवाले, त्यामुळे या विषयात त्याचा शब्द शेवटचा.

“बाई, रातचे भरती येते ना, तवा खालून पानी वर येतं,” त्यानं मला समजावलं. “आमचं गाव खाडीवरच हाय.”

मी असते तर एका तासात चौकशी करून मोकळी झाले असते. रिबेका मात्र म्हणाली, अंदाज मुलांचे आहेत, खोडायचे तर मुलांनीच खोडायला हवेत. मग दव आहे की नाही ते कसं बघायचं, खालून पाणी येतंय का ते कसं बघायचं, यावर वर्गात इतका गोंगाट झाला की शेजारची चौथी दारात येऊन उभी राहिली.

हात धुवायचा नळ थेंब थेंब गळत होता. असा गळणारा नळ पाहिला की मला झोप लागत नाही, मग तो कुणाचाही असो. पण खाली आधीच एक बादली लावलेली होती. कोण गं एवढं शहाणं, असं मी विचारलं. रिबेका म्हणाली, कुणीतरी ठेवतं, आमच्या लक्षात नाही आलं. पाण्याच्या मुलखात असंच असायचं, असं मी मनात म्हटलं आणि त्या शहाण्या जिवाला आशीर्वाद दिला.

जेवणाच्या सुट्टीत रिबेकानं मला बोलावण्याचं खरं कारण सांगितलं. खिडकीपाशी एक मुलगी बसली होती, तेल लावून चापून बसवलेले केस, मांडीवर घट्ट धरलेली पाण्याची बाटली. तिचं नाव रेणुका. संक्रांतीनंतर शाळेत आलेली. आईवडील विचुंब्याच्या बाजूला एका इमारतीत फरशी बसवायला.

“ती तुमच्या तालुक्यातली आहे,” रिबेका म्हणाली. “दीड महिना होत आला, वर्गात एक शब्द बोललेली नाही. आई म्हणते, पोर रमत नसेल तर शिमग्याला मावशीकडे पाठवून देते गावी. मावशी ऊसतोडीला साखर कारखान्यावर मुक्कामाला असते निम्मं वर्ष. एकदा गेली की संपली तिची शाळा. म्हणून बोलावलं तुला. मीठ हे निमित्त.”

मला राग आला. आधी सांगायला काय झालं होतं? पण तो राग फार वेळ टिकला नाही. मी रेणुकाजवळ जाऊन आमच्याकडच्या बोलीत विचारलं, “कुठलं गं गाव तुझं?” तिनं माझ्याकडे पाहिलं, डोळे जरा मोठे झाले, आणि तिनं बाटलीचं झाकण आणखी घट्ट केलं.

मंगळवार, खाडीवर

दुसऱ्या दिवशी वर्ग खाडीवर गेला, वाफ्यातलं पाणी आणि खाडीचं पाणी यांची तुलना करायला. दर्शनचे आजोबा गणपतराव सोबत आले. पांढरी पँट, गळ्यात सोन्याची साखळी, हातात दोन फोन. त्यांनी वाटेत वर्गाला मिठागराविषयी भरपूर सांगितलं, आणि मीठ न होण्याची तीन वेगवेगळी कारणं छातीठोकपणे दिली. पाणी कारखान्यांनी बिघडवलंय. चिखल चुकीचा आणलाय. आणि शेवटी, वारा पडलाय. मी विचारलं, यातलं नक्की कुठलं? तर म्हणाले, “तिनी.”

मी आयुष्यात पहिल्यांदा खाडी बघत होते. ओहोटी होती. पाण्यापेक्षा चिखलच जास्त, आणि त्या चिखलात बगळे असे उभे की जणू त्यांच्या बापाची शेती. मी चार पावलं पुढे गेले आणि माझी उजवी चप्पल त्या चिखलानं गिळली. ओढायला गेले तर डावीही गेली. मुलांना त्या दिवशी मीठ, भरती, दव सगळं विसरून एकच विषय मिळाला. एकटी रेणुका हसली नाही. ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसून समोरच्या पाण्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. एवढं पाणी, आणि त्यावर कुणाचा पहारा नाही. माझ्याही मनात तेच आलं होतं.

दुपारी दर्शनच्या आजीनं अनवाणी पाहुणीला जेवायलाच बसवून घेतलं. वालाची आमटी, भात, सुकटीची चटणी. रिबेकानं सुकट बाजूला ठेवली, खवले नसलेलं जलचर त्यांना चालत नाही. आजीला हे ठाऊक होतं, तिच्यासाठी तिनं कांद्याची वेगळी चटणी केली होती. कोण काय खात नाही हे लक्षात ठेवण्याची ही रीत मला आवडली. आमच्याकडे पाहुण्यानं नको म्हटलं की दुप्पट वाढतात.

शाळेत परतल्यावर बटाट्याचा प्रयोग झाला. पाणी पुरेसं खारट झालं की त्यात बटाट्याची फोड तरंगते. एका ग्लासात खाडीचं पाणी, दुसऱ्यात वाफ्यातलं. दोन्हीकडे फोड बुडाली. पंधरा दिवस उन्हात तापून वाफ्यातलं पाणी खाडीपेक्षा फार खारट झालंच नव्हतं. मुलांची तोंडं उतरली. मग सगळ्यांनी मिळून वाफ्यावर प्लॅस्टिकचा कागद अंथरला आणि कडेला विटा ठेवल्या, म्हणजे दवाचा अंदाज एकदाचा तपासून होईल. शेजारी हातभर खड्डाही खणला, भरतीचं पाणी खालून येत असेल तर त्यात दिसेल म्हणून.

बुधवार

खड्डा कोरडा ठणठणीत. प्लॅस्टिकवर चार थेंब. आणि वाफ्यात पाणी पुन्हा होतं तेवढंच. दर्शननं भरतीचा अंदाज खोडायला साफ नकार दिला. तो म्हणाला, आजची भरती लहान होती.

मी मात्र एक गोष्ट पाहिली. प्लॅस्टिकचा एक कोपरा दुमडलेला होता आणि त्यावरची वीट बाजूला नीट ठेवलेली होती. कुत्रं वीट नीट ठेवत नाही.

त्या दिवशी रिबेकाला शाळा सुटल्यावर मीटिंगला जायचं होतं. तिची वाट बघत मी वर्गातच थांबले. मुलं प्लॅस्टिकचा कागद पुन्हा नीट अंथरून पांगली. रेणुका मागे राहिली, कारण तिची आई कामावरून सुटल्यावर तिला न्यायला यायची. मी खिडकीतून बघत होते. ती नळापाशी गेली. दिवसभराच्या थेंबांनी बादली भरत आली होती. दोन्ही हातांनी ती बादली पोटाशी धरून, पाय फाकवत, एक थेंब न सांडता ती वाफ्यापाशी आली. वीट उचलली, नीट बाजूला ठेवली, कोपरा दुमडला आणि हळूहळू पाणी ओतलं. मग पट्टीवरची खूण बघितली, मान हलवली आणि बादली परत नळाखाली लावून आली.

मी बाहेर गेले. मला बघताच ती दगडासारखी उभी राहिली. मी तिच्या शेजारी खाली बसले आणि आमच्या बोलीत एवढंच म्हटलं की मी काही रागावणार नाही, मलाही गळणारा नळ बघवत नाही.

मग ती वाफ्याकडे बघत पहिल्यांदाच बोलली. “पाणी आटायलं होतं बाई.”

“ते आटायलाच ठेवलंय ना पण बाळा.”

“कळलं मला. पण आटल्यालं बघवंना.”

आमच्याकडे विहिरीत डोकावून बघायची सवय फेब्रुवारीतच लागते. पाणी कडेवरच्या कुठल्या दगडापाशी आलंय ते पोरांनाही पाठ असतं. ज्या लेकरानं पाणी कमी होताना फक्त मोठ्यांचे चेहरे उतरलेले पाहिलेत, त्याला सांगायचं की हे पाणी संपू दे, संपलं की चांगलं होईल! तिच्या हातांना ते पटणार कसं?

घरी रिबेकाशी माझं भांडण झालं. माझं म्हणणं सरळ होतं. बादली उद्यापासून उचलून ठेवू, मीठ आपोआप होईल, पोरीचं नाव निघायला नको. पंधरा दिवसांच्या मेहनतीवर हिनं पाणी ओतलं असं कळलं तर पोरं तिला उभं करणार नाहीत, आणि मग ती शिमग्यापर्यंतही टिकणार नाही. रिबेका म्हणाली, “आणि लपवलं तर ते ती एकटी जन्मभर बाळगेल. वर्गानं प्रश्न विचारलाय सुमे, उत्तर फक्त तिच्याकडे आहे. उद्या तू तुझ्या गावच्या पाण्याचं सांग पोरांना. बाकी तिला वाटलं तर ती बोलेल. नाही बोलली तर बादली उचलू.” मला पटलं नाही. पण वर्ग तिचा होता.

गुरुवार

मी सांगायला उभी राहिले. टँकरचं सांगितलं, आदल्या रात्रीच लावून ठेवलेल्या हंड्यांच्या रांगेचं सांगितलं, भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला कसं जातं ते सांगितलं. गावातली मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. दर्शननं विचारलं, आंघोळीला पानी नाय तर मंग काय करतां? मी म्हटलं, उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर दिवसाआड येतो, त्यात भागवायचं.

“आमच्या वस्तीवर तीन दिसाआड येतो,” खिडकीतून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. मी खुर्चीत बसून घेतलं. रेणुका खाली बघूनच बोलत होती. बाजंवर बसून आंघोळ करायची, खाली परात ठेवायची. परातीतलं पाणी धुण्याला. धुण्याचं पाणी शेळीच्या गोठ्यात शिंपडायला. एका मुलीनं विचारलं, आणि मग शेळीला प्यायला? रेणुकानं तेही सांगितलं. मुलं सरकत सरकत तिच्याजवळ गेली. आणि मग, कुणी काही विचारलेलं नसताना, ती म्हणाली, “वाफ्यात म्या वतलं. नळाचं. रोज.”

दर्शनचा चेहरा बघण्यासारखा होता.

“मंग भरती नाय आली?” तो म्हणाला. त्याला पाण्यापेक्षा अंदाज गेल्याचं दुःख जास्त होतं.

मागून एक मुलगी फणकारली, की हिच्यामुळंच आमचं मीठ नाही झालं. एकदोघांनी माना हलवल्या. मी रिबेकाकडे पाहिलं, बघ, म्हटलं नव्हतं, अशा नजरेनं. ती जागची हलली नाही. दर्शननंच पुढे विचारलं, “पण कशाला वतलंस तू?”

“पाणी आटलं की समदी गाव सोडून जातेत,” रेणुका म्हणाली.

रिबेका खिडकीबाहेर बघायला लागली. तिची भावंडं काही पाण्यासाठी गेली नव्हती, पण तिच्या घरातल्या रिकाम्या खुर्च्या मी रविवारीच पाहिल्या होत्या. मग दर्शननं, अगदी हिशेबी आवाजात, तिला सांगितलं, “इथं नाय आटत. खाडी हाय ना. हे आटलं तर आमी दुसरं आनू.”

फणकारलेली मुलगीही पुढे सरकली. रिबेका भिंतीपाशी गेली, बाकीचे अंदाज एकेक करून मुलांकडून खोडून घेतले आणि रिकाम्या जागी रेणुकाला स्वतःच्या हातानं लिहायला लावलं, ‘रेणुका पाणी ओतते.’ मग नेहमीच्या स्वरात विचारलं, आता हा अंदाज खरा की खोटा, ते कसं ठरवायचं? पाचच मिनिटांत वर्ग बाहेर. वाफ्याच्या मधोमध चिखलाचा बांध घालायचं ठरलं. एका बाजूला रेणुका रोज बादली ओतणार, तशीच, बिनधास्त. दुसऱ्या बाजूला कुणी हात लावायचा नाही. दोन्हीकडे खुणांच्या पट्ट्या, आणि दोन्हीवर लक्ष ठेवायचं काम रेणुकाकडे, कारण पाण्याची खूण तिच्याइतकी बारकाईनं कुणीच बघत नाही, असं दर्शननंच जाहीर केलं. मी इतकी वर्षं शिकवलं, पण गुन्ह्याचा प्रयोग करून टाकायचं मला कधी सुचलं नसतं. रिबेकाला मी तसं सांगितलं नाही, ती डोक्यावर बसली असती.

शुक्रवार, संध्याकाळ

सूर्य मावळायच्या आत रिबेकानं दिवे लावले, टेबलावर पांढरं कापड घातलं. शनिवारी ती घरात विस्तव पेटवत नाही, त्यामुळे उद्याचंही रांधून झालेलं. हिब्रू प्रार्थना तिनं मराठी वळणानं म्हटली. मग पोळीचा तुकडा मोडला, मिठात टेकवला आणि मला दिला.

“या टेबलाभोवती कधी अकरा माणसं असायची,” ती म्हणाली. “यंदा वाटलं, पोरांनी केलेलं मीठ तरी यावं. निदान एकदा.” मिठाचं भांडं तिनं जरा बाजूला सरकवलं. त्यातलं मीठ पुडीतलं होतं.

शनिवार

पालक आले, पण मीठ आलं नव्हतं. बांधाच्या एका बाजूचं पाणी बोटभर राहिलं होतं, दुसरीकडे होतं तेवढंच. मुलांनी बटाट्याची फोड टाकून दाखवली. कोरड्या होत चाललेल्या बाजूच्या पाण्यात ती तरंगली! गणपतरावांनी मिठागरात असा मधोमध बांध नसतो म्हणून नाराजी व्यक्त केली. मग सगळे चहा घेत असताना पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते वाफ्याच्या कडेला उतरले आणि बांधाला पडलेली भेग पायानं दाबून दाबून बुजवली. हे त्यांनी कुणी बघत नाही असं समजून केलं.

रेणुकाचं कुणीच आलं नाही. कामाचा दिवस होता. ती मात्र दोन्ही पट्ट्यांमध्ये उभी राहून विचारेल त्याला खुणा दाखवत होती, बोटानं, न बोलता. रविवारची गाडी सोडून मी सोमवारची धरायचं ठरवलं. पाय निघेना.

सोमवार

सकाळी आम्ही पोहोचलो तर फाटकापाशी रेणुकाची आई उभी. डोक्याला रुमाल, फरशीच्या पावडरीनं पांढरे झालेले हात. शाळा भरायच्या आधी कामावर जायचं होतं. रेणुकाला वर्गात दप्तर ठेवायला पाठवून तिनं रिबेकाला गाठलं आणि सांगितलं, बाई, दाखला लिहून द्या, मावशी न्यायला येतेय, पोर काही इथं रमत नाही, घरी आली तरी गप गप असते. मला तर तोंड उघडायचीच भीती वाटली. इतक्या दिवसांनी, इतक्या जवळ येऊन, हे असं. रिबेका दाखल्यांचं पुस्तक काढायला दप्तरखोलीच्या कुलपाकडे वळली.

आई उभ्या उभ्या आवार बघत होती. तिची नजर वाफ्यावर गेली. एका बाजूला पाणी, दुसरी बाजू जवळजवळ कोरडी. मग तिची नजर नळाकडे गेली. बादली सुट्टीभरात काठोकाठ भरली होती. पुढचं तिनं विचार करून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. आमच्याकडची कुठलीही बाई हेच करते. तिनं बादली उचलली आणि कोरड्या बाजूकडे निघाली.

“आये, वतू नको!”

एवढा मोठा आवाज त्या शाळेत दर्शनचाही कधी निघाला नसेल. रेणुका पायऱ्यांवरून धावत आली, आईच्या हातातली बादली धरली.

“वतू नको. आटू दे त्याला. आटलं की खाली निघतंय.”

“काय निघतंय?”

रेणुकानं तिला खाली बसवलं. मीही जाऊन वाकले. उरलेल्या ओलीच्या कडेनं, उन्हात, साखरेहून बारीक पांढरे कण पसरले होते. रेणुकानं बोटाच्या टोकावर कण घेतले आणि आईच्या तोंडाजवळ नेले. आईनं जीभ लावली. तोवर मुलं यायला लागली होती, आणि रेणुका त्यांना लांबूनच ओरडून सांगत होती की या बाजूनं या, बांधावर पाय देऊ नका, दर्शन, तुला सांगितलं ना!

“हिला एवढं बोलाया येतंय इथं?” आई मला म्हणाली.

मी म्हटलं, परवापरवापर्यंत येत नव्हतं.

रिबेका दप्तरखोलीच्या दारात चावी घेऊन उभी होती. आईनं तिच्याकडे पाहिलं, पदर खोचला, आणि उशीर झालाय, मुकादम बोलेल, असं काहीतरी पुटपुटत फाटकाकडे गेली. दाखल्याचं तिनं पुन्हा विचारलं नाही. जाता जाता परत वळली, ती भरलेली बादली उचलली आणि सगळं पाणी बदामाच्या मुळाशी ओतून गेली.

घरी परतल्यावर

येऊन आता तीन आठवडे झाले. शिमगा होऊन गेला. रेणुका पनवेललाच आहे, आणि मावशीला निरोप गेलाय की पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत येईल, परत नेण्याच्या बोलीवर. गणपतराव म्हणतात, वारा सुटला म्हणून मीठ झालं.

गेल्या शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी रिबेकाचा फोन आला. मीठ जरा मातकट आहे, खडे दाताखाली येतात, म्हणाली. पण टेबलावर तेच आहे. मग तिनं मला रेणुकाचा निरोप सांगितला. मोठ्या बाईंना म्हणावं, विहिरीत खूण करा, आणि किती आटलं ते दर सोमवारी कळवा. आमी वर्गात पट्टी लावणार हाय.

‘आमी’, असं म्हणाली पोरगी.

मी दोरीला गाठी मारून घेतल्यात. या सोमवारी दुसऱ्या गाठीपर्यंत पाणी होतं.